हौद्यात मावणारं कुटुंब

चर्रर्र.

भिंगरी नुकतीच झोपली होती. दुपारच्या झोपेवर आमच्या लेकीचा विश्वास नाही. थोपटून थोपटून माझा हात झोपला, तेव्हा कुठे ती झोपली. घर इतकं गप्प झालं होतं की फिरणाऱ्या पंख्याचाही राग यावा. आणि नेमका बाहेरच्या खोलीतून हा आवाज. चर्रर्र.

जाऊन बघते तर नवरा फरशीवर गुडघे टेकून बसलेला. टीपॉय उलटा होऊन सोफ्यावर चढला होता आणि मोकळ्या जागेत खाकी चिकटपट्टीचा लांबलचक चौकोन.

"हे काय?"

"हौदा. पिकअपचा, टॉप मॉडेलचा. यात आपण तिघं झोपणार."

पिकअप आमच्या घरी कधीचीच आली होती. म्हणजे गाडी नव्हे, तिची चर्चा. जेवताना चिखलात चाक रुतू न देणारा डिफरन्शियल लॉक, झोपताना ग्राउंड क्लिअरन्स. ज्या माणसाच्या रोजच्या वाटेवरचा सगळ्यात खडतर टापू म्हणजे ऑफिसच्या फाटकातला गतिरोधक, त्याला नदी ओलांडणारी गाडी हवी होती. कोणती नदी, ते अजून ठरायचं होतं. बेस मॉडेल म्हणे भाजीवाले घेतात. मधलं म्हणजे धड ना इकडचं, ना तिकडचं. टॉप मॉडेलला मात्र एका हिंस्र प्राण्याचं नाव होतं, त्यामुळे प्रश्नच मिटला.

"सूनबाई, तुला पसंत करताना त्याने एवढ्या चौकशा केल्या नव्हत्या हो," सासूबाई फोनवर म्हणाल्या. मी हसले. काय करणार?

पण मला जायचं होतं. मनापासून. भिंगरीची शाळा सुरू झाली की मीही लॅबमध्ये रुजू होणार होते. मग तिची सुट्टी एकीकडे, माझी दुसरीकडे. त्याआधी एकदा तळ्याकाठी मुक्कामाला जाऊ, असं त्याने आम्हा दोघींना कबूल केलं होतं. "आपल्या जुन्या गाडीतून जाऊ की, तंबू टाकून," मी सुचवूनही पाहिलं होतं. त्यावर त्याने असं पाहिलं, जणू मी बादलीत बसून समुद्र ओलांडायला सांगितलं होतं.

"आडवी हो ना जरा," तो म्हणाला.

"भरदुपारी? फरशीवर?"

"तालीम गं."

झाले आडवी. तो शेजारी पसरला आणि वर बोट करून म्हणाला, "इथे तारे."

"जळमट आहे ते."

"तळ्यावर तारे असतील." हे मात्र तो इतक्या हळू बोलला की मला पुढे काही टोचून बोलवेना. तेवढ्यात भिंगरी डोळे चोळत आली आणि काही न विचारता आमच्या मधे शिरली. तिघं मावलो. फरशी गार होती, तिचे केस माझ्या नाकात जात होते, आणि आपण खरंच निघालोय असं मला वाटून गेलं.

शनिवारी शोरूम. सेल्समनने त्याला इंजिन दाखवलं आणि मला आरसा. "मॅडम, लाइटसकट आहे."

"आम्हाला मागे झोपून बघायचंय," नवरा म्हणाला.

"झोपून?"

"घरी सराव झालाय आमचा."

सेल्समनने नाइलाजाने हौदा उघडला. चढलो. आत चाकांवरचे दोन भलेमोठे उंचवटे होते, केबिनमागे नुसता मिरवायचा लोखंडी दांडा आणि त्याला टेकून अवजारांची पेटी. आमच्या साहेबांनी घरी माप घेतलं होतं ते माहितीपत्रकातल्या आकड्यांवरून, तेही बाहेरून बाहेर. त्याचे गुडघे हनुवटीला लागले. मी उंचवट्यावर कोंबडीसारखी बसले.

"बाबा, घरचा हौदा मोठा होता," भिंगरीने निकाल दिला.

"हिच्या छतावर तंबू बसतो सर," सेल्समन तत्परतेने म्हणाला. "गाडी आली की लगेच लावून देऊ. थंडी संपता संपता येईल."

थंडी सुरूसुद्धा व्हायची होती.

शोरूमच्या मागच्या अंगणात बेस मॉडेल उभं होतं. पांढरंशुभ्र, ना दांडा, ना पेटी. केबिन आखूड, पण मागे भिंगरीपुरतं बाक होतं, आणि हौदा चांगला लांब. तिथे पडलो तर पाय पसरूनही पायाशी जागा उरली. "ही तयार आहे. पुढच्या शनिवारी घेऊन जा," सेल्समन म्हणाला.

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो आकाशाकडे पाहत होता.

"याला डिफरन्शियल लॉक नाही ना?"

"नाही सर."

"अरे, तळ्यापर्यंत डांबरी रस्ता आहे," मी म्हटलं. "आइस्क्रीमची हातगाडी जाते तिथवर."

"आज तळं. उद्या कुठे वाळवंटात जायचं झालं तर?"

"वाळवंटाचं उद्या बघू. पुढच्या शनिवारी जाऊ या ना. शाळा सुरू होईल रे तिची."

"घ्यायचीच एकदा, तर नीट नको का घ्यायला?" तो इतक्या मायेने म्हणाला, की जणू हे सगळं आमच्यासाठीच चाललं होतं. कदाचित चाललंही असेल. त्याने हिंस्र प्राण्याच्या नावापुढे सही केली. टाळ्या झाल्या. पुठ्ठ्याची भलीमोठी किल्ली हातात देऊन आमचा फोटो काढला. त्यात तो एकटाच हसतोय.

घरी येईपर्यंत जुन्या गाडीत तो शीळ घालत होता. आल्या आल्या फोन घेऊन आतल्या खोलीत बसला. छतावरच्या तंबूंचीही मॉडेलं असतात, बेस आणि टॉप.

मी दारात बसून भिंगरीच्या बुटांचे बंद सोडत होते. ती आतल्या खोलीकडे बघत होती. मग माझ्या कानाशी वाकून, बाबाला ऐकू जाणार नाही अशा बेताने तिने विचारलं, "आई, बाबाला खरंच तळ्यावर जायचंय का गं?"