माप बरोबर आलेली अंगठी

मित्रांनो, मी जुनी आहे हे मला बघून तुम्हाला ओळखता येणार नाही. हिऱ्याच्या अंगठीला सुरकुत्या पडत नाहीत. सराफाने एकदा पॉलिश केलं की मी पुन्हा नवी. माणसांचं तसं होत नाही, आणि ते मी फार जवळून पाहिलं आहे.

माझा हिरा सुरतेहून आला आणि माझं सोनं तुळजापूरच्या पेठेत, महांतप्पा सराफांच्या दुकानात घडलं. देवीच्या दर्शनाला आलेले लोक काचेतून मला बघत, किंमत विचारत आणि शेजारच्या दुकानातून कवड्यांची माळ घेऊन निघून जात. मला त्यांचा भारी राग येई. मी मूळचीच गर्विष्ठ आहे, ते लपवून काय करू?

मग एक दिवस गंगम्मा आल्या. तुळजापुरात त्यांचं लॉज होतं आणि मुलगा उमाशंकर लग्नाचा होता. त्यांनी मला साखरपुड्यासाठी घेतलं आणि मी सास्तूरला रेवणप्पांच्या मुलीच्या, शिवप्रियेच्या बोटात गेले. भूकंपानंतर बांधलेल्या घरांच्या ओळीत त्यांचं घर होतं. आळीतल्या बायका तिचा हात हातात घेऊन म्हणायच्या, "लई चमकती गं बाई!" असं कौतुक मला त्याआधी कधी मिळालं नव्हतं.

शिवप्रिया शिवणकाम करायची. अंगठी काढून ठेव, असं सगळे सांगत, पण ती ऐकत नसे. एकदा मशीनच्या चाकाला धडकून, हिरा धरून ठेवणारा माझा एक बारीक आकडा वाकला. तेव्हापासून माझ्यात धागे अडकू लागले. ती हसत हसत दातांनी धागा तोडायची आणि मला गालावर टेकवायची. त्या दिवसांत मी खरंच सुखात होते.

पण गंगम्मांच्या घरी एक रीत होती. हिरा घेतला की तो लाभतो की नाही, हे सव्वा महिना बघायचं. त्या काळात चांगलं घडलं तर तो लाभला. वाईट घडलं तर नाही. आणि नेमके त्याच सव्वा महिन्यात गंगम्मांचे यजमान लॉजच्या जिन्यावरून घसरले. त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. तो जिना गंगम्माच रोज साबणाच्या पाण्याने धुऊन घ्यायच्या आणि तसाच ओला सोडायच्या. पण जिन्याला कुणी बोल लावला नाही.

आठवडाही लोटला नाही तोच गंगम्मा दोन बायकांना घेऊन सास्तूरला आल्या. उमाशंकर बाहेर मोटारसायकलवर बसून राहिला. तो खालीसुद्धा उतरला नाही.

"आत्या, मी काय केलं?" शिवप्रियेने विचारलं.

"तू काय केलं न्हाईस गं," गंगम्मा शांतपणे म्हणाल्या. "हिरा चोख हाय, सराफानं तपासून दिलाय. पर तुझ्या हाताला त्यो लाभला न्हाय. काढ अंगठी."

उन्हाने तिचं बोट सुजलं होतं. मी निघेना. रेवणप्पांनी स्वतः मोरीतून कपड्याचा साबण आणून दिला. एका बाईने तिचं मनगट धरलं आणि दुसरीने मला ओढलं. माझ्याबरोबर तिच्या बोटाची सालही निघाली. मी हिऱ्याची आहे, काचसुद्धा कापते. पण त्या दिवशी मला कुणाला कापता आलं नाही याचं मला फार वाईट वाटलं.

गंगम्मांनी मला मोडीत घालायला पुन्हा महांतप्पांकडे आणलं आणि सगळी हकिकत सांगितली. महांतप्पांनी मान हलवली आणि म्हणाले, "सोन्याचे पैसे देतो. हिऱ्याला मोडीत भाव न्हाय." माझा केवढा अपमान! तुटक्या डुलांबरोबर मी एका डबीत जाऊन पडले. त्यांनी मला वितळवलं मात्र नाही. नुसतं पॉलिश केलं. वाकलेला आकडा तसाच ठेवला. तो कोण बघतंय?

कितीतरी महिने मी त्या अंधारात होते. मग भूमहून शांतम्मा आल्या. त्यांचा मुलगा गौरीशंकर बिजवर होता.

"अंगठी पायजे, पर जुनी दाखवा," त्या म्हणाल्या. "पोरीचं एकदा मोडलंय. मोडलेल्या पोरीला नवी कशाला? उगं खामखा खर्च."

"पोरगी कुठली?"

"सास्तूरची. रेवणप्पाची."

महांतप्पांचा हात क्षणभर थांबला. मला वाटलं, आता हा माणूस काहीतरी बोलेल. पण त्यांनी डबी उघडली आणि मला बाहेर काढलं.

"माप बसंल का?" शांतम्मांनी विचारलं.

"बसंल," महांतप्पा माप न घेताच म्हणाले.

मित्रांनो, दुसऱ्यांदा मी त्याच घरात, त्याच बोटात गेले. साल निघालेल्या जागी आता पांढरट डाग होता. तिने पदर सावरला आणि वाकलेल्या आकड्यात पदराचा धागा अडकला. तिने खाली बघितलं. तिने मला ओळखलं. बोटात मला तिची नाडी लागत होती, ती कशी धावू लागली ते मीच जाणते.

"बघा गं, माप कसं नेमकं आलं! जशी काय हिच्यासाठीच केलीय!" शांतम्मा म्हणाल्या आणि सगळ्या बायका हसल्या.

शिवप्रियेने फक्त वडिलांकडे पाहिलं. "अप्पा..." ती हळूच म्हणाली.

रेवणप्पांनी मला पाहिलं. वाकलेला आकडाही पाहिला. साबण त्यांनीच आणून दिला होता, ते मला विसरणं शक्य नव्हतं. बोलावं तर हीही सोयरीक मोडणार. त्यांनी मान फिरवली आणि मोठ्याने म्हणाले, "पेढे फिरवा रे, पावण्यांचं तोंड गोड करा."

तिने धागा दातांनी तोडला. या वेळी तिने मला गालावर टेकवलं नाही.

निघताना शांतम्मा उंबऱ्यात थांबल्या. "आमच्यातबी हिरा सव्वा महिना बघत्यात. लाभला की लग्नाची तारीख धरू."

ते दिवस आता चालू आहेत. भूमहून फोन आला की शिवप्रियेचं शिवणयंत्र थांबतं आणि ती मला मुठीत घट्ट धरते. म्हणून तुमच्याकडे एकच मागते. मला जपा असं मी म्हणत नाही, मला काही होत नाही. पण भूमला तुमच्या ओळखीचं कुणी असेल तर त्यांना एवढं सांगा, शांतम्मांच्या घरासमोर केळ्याची साल टाकू नका. आणि त्यांचा जिना धुतला असेल, तर तेवढा पुसून घ्या.