पितळी गंजातली आंबील

मित्रांनो, मी एक जुना पितळी गंज. गंज म्हणजे आमच्या वऱ्हाडातलं उभ्या काठाचं पातेलं. तांबं आणि जस्त एकत्र वितळून माझी पितळ झाली, आणि तांबटाने ठोकून ठोकून मला आकार दिला. हिवरखेडच्या नत्थुजी माळ्याची आई मनकर्णाबाई. त्यांच्या सासूने मला घरात आणलं. मला उचलायला दोन्ही हात लागायचे. तापायला मी वेळ घ्यायचो, पण एकदा तापलो की चूल विझल्यावरही वरण ऊन ठेवायचो. चीर पडली तर डाग देऊन सांधली की पुन्हा कामाला तयार. माझी ऐट काय सांगावी!

मग नत्थुजीची बायको सुभद्रा हिने अकोल्याच्या बाजारातून ॲल्युमिनियमचा गंज आणला. लोक त्याला 'जर्मनचा गंज' म्हणत. एका हाताने सहज उचलावा असा हलका. झटकन तापायचा आणि तितक्याच झटकन भात करपवायचा. पडला की पोचा आलाच. मी त्याला मनातल्या मनात हसायचो. मनकर्णाबाई उघड हसायच्या.

"हे कायचं भांडं? फुकलं तं उडून जाईन!"

पण मित्रांनो, पितळेला आंबट सोसत नाही. आंबट फार वेळ राहिलं की हिरवा कळक चढतो, आणि तो पोटात गेला की माणूस आडवा होतो. म्हणून आतून कथलाची कल्हई हवीच. दरवर्षी कल्हईवाला यायचा आणि मला आतून पांढरंशुभ्र करून जायचा. मग दुसऱ्या महायुद्धाची मोठी लढाई पेटली आणि कथील मिळेनासं झालं.

"कोठून आनू, बाई? समिंदरापल्याडचा माल येनंच बंद झाला," असं म्हणून तो गेला. माझी कल्हई झिजत गेली आणि तळाला पिवळं अंग उघडं पडलं.

भाद्रपदात महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, आल्या. त्यांच्या नैवेद्याला ज्वारीची आंबील लागते, आणि तिचं पीठ आदल्या दिवशीच आंबट ताकात भिजवतात. सुभद्राने मला उजेडात धरून सासूला विचारलं.

"आत्याबाई, कल्हई गेली याची. जर्मनच्या गंजात भिजवू काय?"

"महालक्ष्मीले जर्मनच्या भांड्यातलं देतं? माह्या सासूपासून याच गंजात होते!"

सुभद्राने माझ्यातच पीठ घालून ताक ओतलं. ताक माझ्या उघड्या अंगाला लागलं आणि माझा जीव कासावीस झाला. मला ओरडून सांगायचं होतं, पण भांड्याचं कोण ऐकतं?

दुसऱ्या दिवशी आंबील माझ्यातच शिजली. चाखून कोण पाहणार? देवीच्या आधी नैवेद्य कोणी चाखत नाही. नैवेद्य दाखवला, आरती झाली, आणि घरातल्या वडीलधाऱ्या म्हणून मनकर्णाबाईंनी पहिली वाटी तोंडाला लावली.

त्यांचा चेहरा उतरला. नत्थुजी आपली वाटी उचलणार तोच त्यांनी त्याचा हात धरला.

"कोनी खाऊ नका. कळकली."

"मंग तुमीबी ठेवा ना, आत्याबाई."

"परसाद फेकतं काय? चूक माही हाय, माह्याच पोटात जाऊ दे."

आणि त्यांनी वाटी रिकामी केली. वर दुसरीही प्यायल्या. तिसरी भरायला वाकल्या तेव्हा मात्र सुभद्राने मला हिसकावून घेतलं, परसात नेलं आणि केळीच्या बुडाशी पालथं केलं. प्रसाद ओतून देणारी त्या घरातली ती पहिलीच सून.

संध्याकाळपर्यंत ओकून ओकून मनकर्णाबाईंचे हातपाय गार पडले. नत्थुजी गाडी जुंपून डॉक्टरला आणायला तेल्हाऱ्याला गेला. सुभद्रा सासूचं डोकं मांडीवर घेऊन घोट घोट पाणी पाजत राहिली. "मी सांगितलं होतं" असं ती एकदाही म्हणाली नाही. मी परसात पालथा पडून ते कण्हणं ऐकत होतो. एवढी भीती मला भट्टीतही वाटली नव्हती.

मनकर्णाबाई वाचल्या, पण पूर्वीची ताकद काही आली नाही. पुढच्या वर्षी आंबिलीसाठी जर्मनचा गंज त्यांनी स्वतः काढून दिला. आंबट त्यालाही सोसत नाही, तळ काळा पडतो. म्हणून सुभद्राने पीठ चिनी मातीच्या बरणीत भिजवलं आणि आंबील शिजताच पुन्हा तिच्यातच काढली.

मला मात्र मनकर्णाबाईंनी घासून लख्ख केलं, गहू भरून देवीपुढे ठेवलं, हळदकुंकू वाहिलं आणि नमस्कार केला. त्या माउलीला धड वाकताही येत नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

मित्रांनो, भांड्याला हात जोडू नका. त्यात काय ठेवावं आणि काय ठेवू नये, तेवढं ओळखा. आणि घरातली सून काही सांगू लागली, तर हातातलं काम थांबवून ऐका. नैवेद्याचं भांडं बदललं म्हणून महालक्ष्मी रागावत नाही.