भर दुपारचा फोटो

माळढोक पक्ष्याचं पिल्लू दिसलं, तरच राजस्थानातलं ते माळरान राखीव होणार होतं. आयर्लंडमधल्या मेनूथच्या प्रयोगशाळेत बसून रोहिणी तिथल्या कॅमेऱ्यांचे फोटो रोज पाही. दुपारचा एकही नसे.

"तुझे आयरिश कॅमेरे दुपारी झोपतात गं!" जैसलमेरहून सहकारी आलोकने चिडवलं.

रोहिणी चमकली. अंगाची ऊब जाणवली की हे कॅमेरे फोटो काढत. तिने ते आयर्लंडच्या गारव्यात तपासले होते. राजस्थानात दुपारी वाळूच अंगाइतकी तापते, मग ऊब वेगळी कळणार कशी?

"आलोक, कॅमेरे घड्याळावर लाव. ऊब असो, नसो, फोटो काढू देत."

आठवड्याने फोटो आला. रणरणत्या उन्हात माळढोकाची मादी पंख पसरून उभी होती, आणि त्या सावलीत पिल्लू!

"आलोक, माळ वाचला रे!" रोहिणी ओरडली, तशी अख्खी प्रयोगशाळा धावत आली.