रिकामा डबा

मालतीबाईंनी पुन्हा कडी वाजवली आणि या वेळी हाकही मारली.

"सुषमा, अगं ए सुषमा! घरात आहेस ते कळतंय मला. कात्री वाजतेय तुझी."

आतली कात्री थांबली. दार वीतभर उघडलं.

"गायत्रीला बरं नाही, मावशी."

तिच्या मागे साड्यांच्या ढिगावर गायत्री मजेत कोलांट्या मारत होती. तापलेलं पोर असं लोळत नाही, हे कळायला काही डॉक्टर व्हावं लागत नाही.

मालतीबाई डिंडोलीच्या अंगणवाडीतल्या तेडागर. रोज सकाळी घरोघरी फिरून पोरं गोळा करून आणायची, हे त्यांचं काम. यंदा सरकारनं वस्तीतल्या अशक्त मुलांसाठी जादा पैसे दिले होते. त्यातून स्टीलचे डबे आले, आणि दुपारी घरी जाताना त्या मुलांना गूळ-तुपाची डबाभर सुखडी मिळू लागली. गायत्री चार वर्षांची, पण कडेवर घेतली तर दोन वर्षांची वाटायची. सुखडी सुरू झाली आणि पोरीच्या गालावर जरा मांस चढलं. आता आठवडा झाला, पोरीचा पत्ता नाही. शनिवारपर्यंत आली नाही तर तिची जागा दुसऱ्या मुलाला द्या, असं तपासणीला आलेल्या वरच्या बेन सांगून गेल्या होत्या. आणि आज शुक्रवार उजाडला होता.

"सरक, बघू दे मला," म्हणत मालतीबाई आत शिरल्या आणि बसल्यासुद्धा.

सुषमाही खाली बसली. मजुरीवर आणलेली साडी मांडीवर ओढून भरतकामामागचे लोंबणारे दोरे कापू लागली. तिच्याभोवती लाल, हिरव्या, जांभळ्या दोऱ्यांचा सडा पडला होता. फळीवर अंगणवाडीचा डबा उपडा घातलेला होता, घासून घासून लख्ख केलेला.

"गायत्रीचा बाप कुठंय, कुंदन?"

"कडोदऱ्याला गेलेत, काम बघायला. त्यांच्या कारखान्यात महिनाभर माल नाही."

"मग तर पोरीनं यायलाच हवं ना गं! तिथं दोन घास पोटात जातात, वर डबा मिळतो. काय डोकंबिकं फिरलंय का तुझं?"

सुषमाची मान आणखी खाली गेली.

"रिकामा डबा कसा पाठवू, मावशी?"

मालतीबाईंना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा जीभ चावावीशी वाटली.

कुणाच्या घरून भरून आलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही रीत त्यांच्या धुळ्याकडच्या घरातही होतीच. पहिल्या दिवसापासून गायत्रीचा डबा भरून परत यायचा. कधी भाजलेले शेंगदाणे, कधी फुटाणे, कधी सुषमाच्या माहेरून आलेल्या बिबड्यांचे, ज्वारीच्या पापडांचे तुकडे. मालतीबाईंना त्याचं कोण कौतुक! रोज दारातच त्या डबा कानाशी धरून खळखळ वाजवायच्या आणि गल्लीला ऐकू जाईल असं विचारायच्या, "आज काय गं वाजतंय? ओळखू का?" गायत्री टाळ्या पिटायची. चार बायका दारात येऊन हसायच्या. दाणे कुठून येतात, हे काही त्यांच्या मनात आलं नव्हतं. सरकारनं अशक्त म्हणून निवडलेलं घर रोज सरकारला फराळ पाठवत होतं, आणि तो फराळ त्या मिटक्या मारत खात होत्या.

"अगं, सरकारला कुणी परत करतं का?"

"सरकारला नाही, मावशी. डब्याला." सुषमाचे डोळे भरून आले. "रिकामा दिला तर देणाऱ्याचं घर रितं होतं, असं माय सांगायची. आणि तुम्ही दारात वाजवून बघता. पोर रोज वाट बघते. काय वाजवणार?"

मालतीबाईंना तिला पोटाशी धरावंसं वाटलं. पण तसं केलं असतं तर ती आणखीच मिटली असती. त्यांनी खालचे दोन दोरे उचलले आणि बोटाला गुंडाळत बसल्या.

"या दोऱ्यांचं काय करतेस गं?"

"काय करणार? झाडून टाकते."

"झाडून टाकतेस? अगं बाई! तिकडं पोरांना चित्रावर चिकटवायला काही मिळत नाही म्हणून आमची शिकवणारी धनश्रीबेन माझा जीव खाते. आणि तू सोनं उकिरड्यावर टाकतेस?"

सुषमानं वर पाहिलं.

"खरंच लागतात?"

"मी या वयात खोटं बोलू?" मालतीबाई फणकारल्या आणि पदर खोचून उठल्या. "उद्या डबाभर हवेत."

अंगणवाडीत पोचताच त्यांनी धनश्रीला सांगितलं, "उद्या पोरांना दोरे चिकटवायला द्यायचेत."

"कुणी सांगितलं?"

"मी."

धनश्रीनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि डिंक आहे का ते बघायला कपाट उघडलं.

शनिवारी सकाळी मालतीबाई बाकीची पोरं मागे घेऊन गल्लीत वळल्या. सुषमा काही खुळी नाही. दया केली असं तिला वाटलं असेल, तर दार उघडणार नाही, आणि मग कितीही कडी वाजवली तरी उपयोग नाही.

पण आज कडी वाजवावीच लागली नाही. गायत्री उंबऱ्यावर उभी होती. तेल लावून चापून वेणी घातलेली, डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरलेला. दाराआड सुषमाचा पदर दिसत होता.

सवयीनं मालतीबाईंनी डबा घेतला आणि कानाशी नेला. मग भान आलं, पण तोवर हात हलला होता. डबा वाजला नाही; झाकणाच्या फटीतून लाल-हिरवे दोरे तेवढे डोकावत होते. शेजारच्या बायका दारात येऊन बघत होत्या.

गायत्री टाचा उंचावून त्यांच्या पदराला लोंबकळली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली,

"वाजत नही मावशी, पन भरेल शे!"