शुक्रवारी अडीच वाजता

पाणी थांबलं, तशी सात-आठशे माणसं एकदम गुडघ्यांवर आली. आत्ता आत्तापर्यंत धो धो कोसळणारी ती धार आधी बारीक झाली, मग तिचे दोरे झाले, मग थेंब, आणि शेवटी उरला नुसता काळा ओला कडा. डोहाच्या काठी मोठ्या दगडावर बंधू ओबदुल्यो दोन्ही हात वर करून उभा होता. पांढरा झगा, गळ्यात लाकडी क्रूस आणि मनगटावर हे एवढं मोठं घड्याळ.

"बघा रे बघा! नवरीनं पदर सावरला!" तो ओरडला. त्या धबधब्याला सगळा मुलूख नवरीच म्हणतो. "तीन वाजले! आपला तारणारा क्रुसावर गेला ती घटका! मी म्हटलं थांब, थांबली! डॉक्टरला थांबवता येतं का पाणी? नाही ना? मग तुमचा रोग काय थांबवणार, कपाळ?"

लोक हसले, रडले, आणि दुखणाईतांना पाठुंगळी घेऊन कोरड्या कड्याखाली धावले. तिथं प्रत्येकानं आपली औषधाची बाटली दगडावर आपटून फोडायची, अशी रीत होती. साडेपाचला बंधूनं हात खाली केले की पाणी परत यायचं, म्हणजे नवरी प्रसन्न झाली.

होनोरियोनं हे सगळं फोनवर, लेकीच्या तोंडून ऐकलं. स्वतः त्यानं नवरी कधी पाहिलेलीच नव्हती. तो पूर्वेकडच्या मुलखातला माणूस. अकरा वर्षांपूर्वी कॉफीच्या कारखान्यात नोकरीला लागला आणि डोंगरावरच्या बंधाऱ्यावर राखणदार झाला. वर जायचं ते डोंगराच्या पलीकडच्या अंगानं, कारखान्याच्या जीपमधून. वर एक खोली, एक फोन, एक लोखंडी चाक आणि मुका ओढा. त्या ओढ्याला वरची माणसं मुकाच म्हणत, कारण तो आवाज न करता झाडीत शिरायचा. पुढं तो कुठं जातो, हे होनोरियोला ना कुणी सांगितलं, ना त्यानं कुणाला विचारलं. पगार चाक फिरवायचा होता.

"बाबा, पुढच्या शुक्रवारी आपण इल्सीला घेऊन जाऊ या," दिग्ना म्हणाली. "गाडी सांगितलीय. पांढरा झगा शिवायला टाकलाय. तुम्ही पण या ना. घरातला पुरुष लागतो बरोबर, आणि हिचा बाप कामासाठी उत्तरेला गेला तो गेलाच."

इल्सी त्याची नात. नऊ वर्षांची, आणि दोन वर्षांपासून साखरेच्या आजाराची. सकाळ-संध्याकाळ पोटाला सुई टोचल्याशिवाय दिवस जायचा नाही. तीही फोनवर आली. "आबा, मला तिथं पोहायला मिळणार का? आणि परत आल्यावर सुई नाही ना?"

"नाही गं माझे बाई," होनोरियो म्हणाला. पोरीचं पोट टोचून टोचून काळंनिळं झालेलं त्यानं पाहिलं होतं.

अकरा वर्षांत त्यानं शुक्रवारची सुट्टी कधी मागितली नव्हती. दर शुक्रवारी दुपारी खाली कॉफी सुकवायची यंत्रं सुरू व्हायची, त्यांना वीज लागायची. म्हणून अडीच वाजता चाक फिरवायचं, पाटाचं दार उघडायचं, ओढ्याचं सगळं पाणी पाटात घ्यायचं. पाटातून ते नळीत, नळीतून खाली वीजघरात. पाच वाजता दार बंद. साहेबाला त्यानं चाचरत विचारलं, तर साहेब म्हणाला, "जा की! हंगाम सरत आलाय. या आठवड्याची कॉफी शनिवारी सुकवू. कुठं निघालास?"

"नवरी बघायला."

"बघ बाबा. माझी आईसुद्धा जाऊन आली," साहेब म्हणाला.

होनोरियो गुरुवारी दुपारी उतरला. गावात शिरतो न शिरतो तोच दवाखान्याच्या दारातून नर्स लास्तेनियानं त्याला हाक मारली. बाई तोंडाची फटकळ, पण गावातली निम्मी पोरं तिच्याच हातावर जन्मलेली.

"होनोरियोदादा, तुमच्या लेकीनं मंगळवारपासून पोरीची सुई बंद केलीय, ठाऊक आहे?"

"तीन दिवस अंगाला लोखंड लावायचं नाही, अशी अट आहे म्हणे. नाहीतर नवरी रुसते."

"रुसू दे की मेली! दादा, ही पोर सुईवर जगते. मी दिग्नाच्या पाया पडले, तिनं दार लावून घेतलं. साडेसातीसारखा मागं लागलाय तो झगेवाला. गेल्या महिन्यात नोएमीबाईचा मुलगा गेला. फिट येऊ नये म्हणून घ्यायच्या गोळ्या त्यानं फोडल्या, आणि बंधू काय म्हणाला? विश्वास कमी पडला!" तिनं एक थर्मास त्याच्या हातात कोंबला. "यात बर्फ आहे, औषध आहे, सुई आहे. पोरीच्या तोंडाला पिकल्या पेरूसारखा वास आला, श्वास खोल खोल चालला, तर कुणाला विचारत बसू नका. टोचा आणि उचलून माझ्याकडे आणा. तो वास मरणाचा असतो."

त्यानं थर्मास घेतला. बाईमाणसाला नाही कसं म्हणायचं, म्हणून घेतला.

घरी दिग्ना तयारीत बुडाली होती. केळीच्या पानात बांधून उकडलेले मक्याचे तामाल टोपलीत रचून झाले होते, तळलेली केळी, रोट्या, घोटलेले घेवडे, नवा टॉवेल, पांढरा झगा. इल्सी पलंगावर पडून तांब्यावर तांब्या पाणी पीत होती. डोळे आत गेलेले. तरी आबाला बघून हसली.

"आबा, मी टोचून घेतलं नाही. तीन दिवस! एकदाही नाही!"

त्यानं तिला जवळ घेतलं, आणि तो वास आला. गोड, नासत चाललेल्या फळासारखा.

"दिग्ना, हिच्या तोंडाला..."

"फुलांचा वास येतोय ना?" दिग्नाचे डोळे चमकले. "काल बंधू आले होते. म्हणाले, रोग बाहेर पडतोय, आत फुलं फुलतायत. बाबा, उद्या दुपारपर्यंतच. एवढं केलं, आता घाटावर येऊन घागर फोडू नका."

थर्मास त्याच्या पिशवीत, पिशवी त्याच्या खांद्याला. एक हात आत घालायचा होता, बस्स. पण उद्या तीन वाजता सगळंच मिटणार, मग आज पोरीचा तीन दिवसांचा उपास कशाला मोडा, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. खरं सांगायचं तर त्याला चमत्कार हवा होता. लेकीपेक्षाही जास्त हवा होता.

शुक्रवारी नवरीच्या पायथ्याशी माणसांचा पूर लोटला होता. दिग्नानं इल्सीला सावलीत टॉवेलवर निजवलं. पोरीला दोनदा वांती झाली होती, आता ती बोलत नव्हती, नुसती धापा टाकल्यासारखा खोल श्वास घेत होती. होनोरियोनं मान वर करून पहिल्यांदा नवरी पाहिली. बाप रे, काय ते पाणी! त्यानं हात जोडले.

तीनला पाच कमी असताना बंधू दगडावर चढला. "कोण थांबवणार नवरीला?" "बंधू! बंधू!" "कशानं?" "विश्वासानं!" तीन वाजले. त्यानं हात वर केले. "थांब!"

नवरी कोसळतच राहिली.

"थांब, म्हणतो ना!" पाण्याचा एक थेंब कमी झाला नाही. बंधूनं भजन सुरू केलं, लोकांनी टाळ्या धरल्या. सव्वातीन झाले. बंधूनं घड्याळ कानाला लावून पाहिलं. साडेतीन झाले. त्याच्या गालांवरून घाम ओघळायला लागला, आणि मग तो एकाएकी किंचाळला, "लोखंड! तुमच्यात कुणीतरी लोखंड लपवून आणलंय!"

चेल्यांनी पिशव्या उपसायला सुरुवात केली. होनोरियोच्या पिशवीतून थर्मास निघाला, थर्मासातून सुई निघाली.

"हाच तो पापी!" लोक अंगावर धावून आले. "म्हाताऱ्या, आमची पोरं मारायला आलास होय?" दिग्ना बापाकडे नुसती बघत राहिली. "बाबा, तुम्ही?" कुणीतरी त्याला ढकललं, तो उताणा पडला. वर पाहिलं तर कड्याच्या बाजूनं झाडीतून एक निळी नळी खाली उतरत होती.

ती नळी तिथं सगळ्यांनीच पाहिलेली होती. पण नवरी समोर असताना नळीकडे कोण बघतं! होनोरियोनं मात्र तिचं वरचं टोक स्वतःच्या हातानं रंगवलं होतं. दर वर्षी, त्याच निळ्या रंगानं.

म्हणजे नवरी हाच मुका ओढा. अडीचला चाक फिरवायचं, पाणी इथवर सरायला अर्धा तास, आणि तीन. पाचला दार बंद, साडेपाचला नवरी प्रसन्न. आज पाणी थांबलं नाही, कारण थांबवणारा इथं मातीत पडला होता.

"अरे, मी थांबवतो ते पाणी!" तो बोंबलला. "मी! वर माझं चाक आहे! आज मी सुट्टीवर आहे, म्हणून थांबलं नाही! ती नळी बघा रे, नळी!"

"सैतान बोलतोय त्याच्या तोंडून!" बंधू ओरडला. त्यानं चेल्याच्या हातातली औषधाची बाटली हिसकली आणि सगळ्यांच्या देखत दगडावर आपटली. टिचकन आवाज झाला. पाण्याच्या गदारोळातही होनोरियोला तो ऐकू आला.

इल्सीला उचललं तेव्हा तिची मान मागं पडली. तो तिला खांद्यावर टाकून धावला, मागून दिग्ना, मागून शिव्या. गाडीवाला भला निघाला, त्यानं एक शब्द न विचारता गाडी काढली. दवाखाना पाऊण तासावर. वाटेतल्या पुलाच्या अलीकडे कुठंतरी तो खोल श्वास थांबला. दिग्नाला ते कळलं नाही, ती पदरानं वारा घालत राहिली. होनोरियोला कळलं होतं.

इल्सीसाठी नऊ दिवसांच्या प्रार्थना झाल्या. बंधू ओबदुल्योनं त्या शुक्रवारीच मुलूख सोडला होता. होनोरियोनं कारखान्यात चौकशी केली तेव्हा साहेब डोकं धरून बसला. "ओबदुल्यो? अरे, तो मागं दोन वर्षं आपल्याकडेच पोती उचलायचा. शुक्रवारच्या सुकवणीला." कुणाशी संगनमत नाही, मंत्र नाही, काही नाही. वेळ ठाऊक होती आणि अंगावर झगा होता, एवढ्यावर त्याचं दुकान चाललं. गावात अजूनही निम्मे लोक म्हणत होते की म्हाताऱ्याच्या लोखंडामुळं बंधू रुसून गेले.

इल्सीला जाऊन दोन आठवडे झाले, त्या शुक्रवारी सकाळी होनोरियो गावभर फिरला. "ज्याला यायचं त्यानं वर या. बाकीच्यांनी लास्तेनियाबाईंबरोबर खाली नवरीपाशी उभं राहा." जीपमधून, पायी, खेचरावरून चाळीसेक माणसं वर आली. नोएमीबाई आली, मुलाचा फोटो उराशी धरून. दिग्ना आली. ती बापाशी दोन आठवडे बोलली नव्हती.

चाक पाहून एक म्हातारी पुढं झाली आणि होनोरियोचा हात हातात घेऊन मुका घ्यायला वाकली. "म्हणजे शक्ती तुमच्यात आहे!"

होनोरियोनं हात झटकला. "आजी, माझ्यात काही नाही! असं करू नका हो! माझ्यात अक्कल असती, तर नात गेली नसती. हे चाक आहे. कुणीही फिरवा."

कुणी पुढं येईना. अडीच वाजले. मग दिग्नाच पुढं झाली. तिनं दोन्ही हातांनी चाक धरलं आणि फिरवलं. दार कुरकुरलं, वर आलं, मुक्या ओढ्याचं पाणी वळलं आणि गुपचूप पाटात शिरलं. पुढचं पात्र हळूहळू रिकामं झालं, दगड उघडे पडले. अर्धा तास माणसं त्या उघड्या दगडांकडे बघत उभी राहिली. तीन वाजता फोन वाजला. लास्तेनियाबाई होत्या.

"थांबलं," त्या म्हणाल्या.

दिग्नाचे हात अजून चाकावरच होते. "किती हलकं आहे हो, बाबा," ती म्हणाली. मग ती खाली बसली आणि तिनं असा हंबरडा फोडला की नोएमीबाईनं फोटो खाली ठेवून तिला पोटाशी धरलं.

होनोरियो लोकांकडे वळला. भाषण त्यानं जन्मात केलं नव्हतं. "मी अकरा वर्षं हे चाक फिरवलं," तो म्हणाला, "आणि पाणी पुढं कुठं जातं, हे एकदासुद्धा विचारलं नाही. तुम्ही खाली पाणी थांबलेलं पाहिलंत, आणि ते वरून कुठून येतं, हे विचारलं नाही. त्या चोरानं आपलं हे न विचारणंच विकलं. उद्या दुसरा कुणी झगा घालून येईल. गुडघे टेकायच्या आधी दोन तास चढ चढा रे. वर जाऊन बघा. आणि तोवर पोरांची औषधं फोडू नका."

दुसऱ्या दिवशी नळीला लावून उरलेला निळा रंग त्यानं बाहेर काढला आणि एक फळी रंगवली. ती फळी आज खाली नवरीपाशी, डोहाच्या काठी, बंधू जिथं उभा राहायचा त्याच दगडाला ठोकलेली आहे. अक्षर गिचमिड आहे, पण वाचता येतं: 'या धबधब्याचं पाणी वर बंधाऱ्यावर बंद होतं. दर शुक्रवारी, अडीच वाजता. ज्याला चमत्कार करायचा असेल त्यानं वर यावं. चाक हलकं आहे. – होनोरियो, इल्सीचा आबा.'