लग्नाच्या झग्याची इस्त्री

धुण्याचा दिवस असला की धाकटी जाऊ सकाळीच बाह्या सरसावून मोरीत शिरत असे. लिननचे कपडे ती इतर धुण्यात कधीच मिसळत नसे. कोमट पाणी, साध्या साबणाचा फेस आणि हलका हात. पिळायचे तर नावच नाही. कपडा जुन्या पंच्यात गुंडाळून ती हातांनी दाबायची, दोनदा झटकायची आणि सावलीतल्या दोरीवर टाकायची. खरी गंमत पुढेच होती. कपडा पुरता वाळायच्या आधीच ती तो काढून आणायची आणि उलट्या बाजूने तापलेली इस्त्री फिरवायची. हट्टी सुरकुत्या निमूटपणे जागा सोडायच्या.

हे सारे थोरली स्वयंपाकघराच्या दारातून बघायची आणि तिच्या पोटात दुखायचे. तिचा नवरा सदरा अंगात चढवून म्हणायचा, "वा! इस्त्री असावी तर अशी." इतक्या वर्षांत थोरलीच्या स्वयंपाकाला त्याच्या तोंडून असे एक 'वा' निघाले नव्हते. पाहुणे यायचे ते टेबलावरच्या कापडाचे कौतुक करून जायचे. पोटची पोरगी चिऊ, तीही बाहेरून आली की पर्स फेकून आधी काकूच्या मागच्या खोलीत धावायची.

वास्तविक हेवा वाटावा असे धाकटीकडे होते काय? लग्नाला पुरती दोन वर्षे झाली नाहीत तोच नवरा गेला. पुढच्या खोलीत चार माणसे आली की तिने मागे जायचे, हे सांगावेही लागत नसे. "आम्ही तिला सांभाळलं," असे घरचे चारचौघांत सांगत आणि घरभराचे धुणे तिच्या पुढ्यात टाकत. पण मत्सराला कारण फार मोठे लागत नाही, नीट घडी घातलेला सदराही पुरतो.

चिऊचे लग्न ठरले. फिकट पिवळसर लिननचा लांब झगा शिंप्याकडून शिवून आला. त्यावरच्या खडूच्या खुणा निघाव्यात म्हणून तो एकदा धुवायला हवा होता.

"काकू, तूच धू हं," चिऊ म्हणाली. "आणि इस्त्रीसुद्धा तूच कर. आईच्या हातात देऊ नकोस बाई, ती कपड्यांवर राग काढते!"

सगळे हसले. थोरलीही हसली. पण ते बोलणे तिच्या मनात सलत राहिले, आणि दुपारी ती नवऱ्याच्या आत्याबाईंपाशी जाऊन बसली. घरात त्यांच्या शब्दाबाहेर कुणी नव्हते.

"आत्याबाई, लग्नाचा झगा धाकटी धुणार म्हणते. तुम्हाला चालेल ना? मी काही असलं मानत नाही हो, पण लोक बोलतात."

"भलतंच काय!" आत्याबाई ताठ झाल्या. "विधवेचा हात लग्नाच्या कपड्याला? आणि हे बघ, लग्नाच्या दिवशीही तिला मागच्या खोलीतच राहू दे."

थोरलीला फक्त इस्त्री हवी होती. मिळाले त्याहून जास्त. पण 'एवढं नको' असे काही तिने म्हटले नाही.

धाकटीने पाणी कोमट करून ठेवले होते. निरोप ऐकून तिने हात पुसले आणि झगा थोरलीच्या हाती दिला. तिचा चेहरा उतरला होता.

"बरं, जाऊबाई. एवढंच करा, पुरता वाळू देऊ नका."

"मला काय कपडे धुता येत नाहीत?" थोरली फणकारली.

सांगितले होते ना, म्हणूनच तिने झगा धुऊन भर उन्हात टाकला आणि मुद्दाम उशिरा काढला. तो कडक झाला होता. इस्त्री फिरवली, सुरकुत्या हलेनात. पाणी शिंपडायचे म्हणजे धाकटीचे ऐकायचे, ते तिच्याने होईना. तिने इस्त्रीचे बटण शेवटपर्यंत फिरवले आणि ती झग्याच्या छातीपाशी जोर देऊन दाबली. तेवढ्यात खिडकीतून अंगण दिसले. चिऊ काकूच्या खांद्यावर डोके टेकून रडत होती आणि काकू तिच्या केसांतून हात फिरवत होती. माझ्यापाशी ही कधी अशी रडली? थोरली बघतच राहिली. हातातली इस्त्री जागच्या जागी थांबली.

करपट वास आला तेव्हा ती भानावर आली. झग्याच्या छातीवर इस्त्रीच्या टोकाचा तपकिरी डाग उमटला होता.

वासाने आत्याबाई धावत आल्या. "अगंबाई! तिनंच हात लावला असणार. लावला ना? अपशकुनी मेली! उद्याच तिला भावाकडे धाडून द्या."

थोरली गप्प बसली. फक्त गप्प बसायचे होते, आणि मत्सराचे ओझे कायमचे घराबाहेर जाणार होते. दारात येऊन उभी राहिलेली धाकटी मान खाली घालून ऐकत होती.

चिऊ तिच्या मागोमाग आत आली. तिने झगा उचलला. तो अजून गरम होता.

"आई, इस्त्री कोण करत होतं? काकू तर माझ्यापाशी अंगणात होती."

थोरलीने इस्त्री उभी करून ठेवली.

"आणि आत्याआजी, हा झगा शिवणाऱ्या शिंप्याची बायको वारली आहे. त्याचा हात चालला?"

"पुरुषांची गोष्ट वेगळी असते."

"का वेगळी?"

चिऊने झगा छातीशी धरला. "मी हाच घालणार, डागासकट. काकू माझ्या शेजारी उभी राहील तरच मी लग्नाला उभी राहीन. आणि डाग कुणाच्या हातचा असं लोकांनी विचारलं तर आई, ते तू सांगायचंस."

लग्नाच्या दिवशी डाग सगळ्यांच्या नजरेत भरला. नवरीशेजारी उभी असलेली धाकटीही भरली. शेजारची एक बाई थोरलीच्या कानाशी लागली, "तिचाच हात लागला वाटतं?"

होकारार्थी मान हलवणे किती सोपे होते! समोर चिऊने काकूचा हात घट्ट धरला होता. थोरलीच्या पोटात आजही दुखले, ते काही एका दिवसात थांबत नाही. पण चिऊ तिच्याकडेच बघत होती.

"नाही," ती मोठ्याने म्हणाली. आसपासच्या माना वळल्या. "माझा हात लागला. माझा नवरा तो बघा, समोर धडधाकट बसलाय. तरी डाग माझ्याच हातचा आहे. जळून करपवलाय मी हा झगा. तिच्या हाती दिला असता तर आज लग्नाला नवा कोरा झगा दिसला असता."

ती बाई पदर सावरत मागे सरली. तिच्याही घरी एक मागची खोली होती, आणि लग्नाला निघताना तिने त्या खोलीचे दार बाहेरून ओढून घेतले होते.