निवट्याने कूस बदलली तेव्हा

बाळांनो, असा एक मासा मनात आणा, जो ओहोटी लागली तरी पाण्यामागे जात नाही. चिखलावरच राहतो, छातीच्या परांवर सरपटतो, डोकं डावी-उजवीकडे हलवत चिखलावरचं शेवाळ खरवडून खातो. जपानमधल्या आरिआकेच्या खाडीत त्याला मुत्सुगोरो म्हणतात. आपल्या निवट्याचाच भाऊबंद. आमिषाला तो ढुंकून बघत नाही. लांब काठीच्या दोरीला बांधलेला गळ त्याच्या पलीकडे टाकायचा आणि झटक्यात ओढून त्याच्या अंगात अडकवायचा.

तिथली कानाए नावाची पोर चिखलावर घसरणाऱ्या लांब फळीवर एक गुडघा टेकून, दुसऱ्या पायाने चिखल रेटत आत गेली होती. फळी तिच्या आजोबांची, पण त्यांचा खांदा निकामी झाला होता. ठरलं होतं, भरतीआधी नातीने एक जरी निवटा धरला तर फळी घरात राहणार. नाहीतर ती शेजारच्या इवाओकाकांची.

पण तिने काठी उचलली रे उचलली की सगळे निवटे बिळात गडप!

"अगं, मासे धरतेस की चिखल नांगरतेस?" बांधावरून इवाओकाका ओरडले. "माझी सून चूल पेटवून बसलीय!"

"मग वहिनींना सांगा, आज मुळाच शिजवा!" कानाए म्हणाली आणि तिने पुन्हा काठी उचलली. दूरवर भरतीचं पाणी चकाकू लागलं होतं.

"पोरी, हात आवर," बांधावर बसलेल्या आजोबांनी हाक दिली. "जरा नुसतं बघ."

ती बघत राहिली. निवटा कातडीनेही श्वास घेतो. कातडी सुकली की तो घुसमटतो. म्हणून मधूनच ओल्या चिखलात कुशीवर लोळतो. हे तिने कितीदा तरी पाहिलं होतं. आज तिला आणखी एक गोष्ट दिसली. तिच्या बाजूच्या कुशीवर लोळताना त्याचा तिच्याकडचा डोळा चिखलात बुडत होता, तेवढा वेळ ती त्याला दिसतच नव्हती!

निवटा पुन्हा कलला. तिने गळ फेकला, झटका दिला. निळ्या ठिपक्यांचा पर पसरून मासा हवेत उसळला.

"लागला! लागला!" सगळ्यात आधी इवाओकाकाच नाचले.

"फळी तुझी गं!" आजोबांचा आवाज फुटला. "आता फीर मागे, पाणी येतंय!"

"आले आजोबा, आणखी एकच!"

कानाएने निवटा टोपलीत टाकला, बांधाकडे पाठ केली आणि पुढच्या निवट्याकडे फळी रेटली.